मालते, खानावळ चालू आहे

मालते, तो शालू लाँड्रीत नव्हता.

इतक्या वर्षांत हे तुला सांगितलं नाही आणि आता तू गेल्यावर, तेरावं-चौदावं उरकून सांगतेय, तर हस खुशाल. शालू माझ्याच घरी होता, तांदळाच्या डब्यात. पत्र्याचा तो मोठा डबा, खाली घडी घातलेला शालू आणि वर आंबेमोहोर. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आप्पांनी माणूस पाठवला, तेव्हा मी दारात उभी राहून चेहरा पाडला आणि म्हटलं, "अहो, लाँड्रीवाला गावाला गेलाय, दुकानाला कुलूप." मग आत जाऊन त्याच डब्यातून रात्रीच्या भाताचे तांदूळ काढले. सव्वीस वर्षांची घोडी होते, अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

बेत सोपा होता. शालू नाही म्हणजे गोदाक्का नाही, गोदाक्का नाही म्हणजे प्रयोग नाही. मग आप्पा स्वतः येणार, पायरीवर बसणार आणि म्हणणार, शकुंतलाबाई, तुमच्याशिवाय नाटक चालत नाही. मी थोडे आढेवेढे घेणार. कितव्या आढ्याला विरघळायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

हे मंडळाच्या अंकात छापणार आहेत, म्हणून तुला पाठ असलेलंही थोडं सांगावं लागणार. कंटाळा आला तर पेंग, तालमीत पेंगायचीस तशी.

'संगीत गोदाक्काची खानावळ' हे आपल्या कामगार मंडळाचं नाटक. आप्पा टूलरूमचे फोरमन. नाटक त्यांनी लिहिलं, चाली त्यांनी लावल्या, पेटीवरही तेच. पिंपरीत कंपन्या आल्या, बीडची, साताऱ्याची, रत्नागिरीची पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली, आणि त्यांना जेवू घालणारी ही एकटी बाई. नवरा परागंदा, उधारीचा हिशेब मागणारा शेटजी दारात. रोज चाळीस ताटं आणि चौदा गाणी. आणि अशा खानावळवालीला मी शालू नेसवला होता! डाळिंबी, जरीचा, वर नथ, हातात पाटल्या. चुलीपुढं बसून रिकाम्या परातीत हवेतल्या हवेत भाकरी थापायची, म्हणजे जरीला पीठ लागायला नको. आप्पा म्हणायचे, "बाई, ही भाकरी थापते की वरातीला निघालीय?" मी मान वेळावून म्हणायची, "लोक मला बघायला येतात, भाकरी बघायला नाही." आठवलं की आजही मला उठून त्या बाईच्या मुस्कटात द्यावीशी वाटते, पण ती आता हाताला लागत नाही.

आणि तू कोण, तर माझी रिलिव्हर. कंपनीतला नियम आप्पांनी नाटकात जसाच्या तसा आणला होता. पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि सोडताना त्याला चार्ज द्यायचा. मशीन कुठं तापतं, कुठं आवाज करतं, कुठं हात सांभाळायचा ते सगळं सांगून मग डबा उचलायचा. तसंच प्रत्येक भूमिकेला एक रिलिव्हर, आणि भूमिका सोडणाऱ्यानं त्याला चार्ज दिलाच पाहिजे. मी टाइम ऑफिसात खुर्चीवर, तू कॉइल वाइंडिंगला स्टुलावर. दिघीच्या जुन्या घरातली मुलगी, 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणणारी. तालमीत कोपऱ्यात बसून ओठ हलवायचीस. मला वाटायचं, ही बाई जप करते.

मला पुण्यातल्या एका धंदेवाईक नाटकात काम मिळालं, तशी मी प्रयोगाला आठ दिवस राहिलेले असताना खानावळ सोडली. तुला चार्ज दिला नाही. तू टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी आलीस, म्हणालीस, "बाई, दुसऱ्या अंकातलं ते लांब गाणं, त्यात दम कुठं घ्यायचा?" मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं, "ज्याचा त्यानं शोधायचा असतो." वर शालूही नेला. तो माझ्या आत्याचा होता, म्हणून चोरी म्हणता येणार नाही असं मी स्वतःला समजावलं होतं.

प्रयोगाला मी गेले होते, मालते. हेही तुला सांगितलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसले होते. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, तोही नाट्यगृहाच्या अंधारात. शेजारच्या काकांनी विचारलं, "डोळे आलेत का?" फजिती बघायला गेले होते मी. पडदा उघडला आणि तू आलीस. आईचं सुती लुगडं, त्यावर कंपनीचा निळा एप्रन. शालू नव्हता म्हणून जे हाती लागलं ते घातलेलं. येऊन बसलीस, परातीत खरं पीठ ओतलंस, पाणी घातलंस आणि खरी भाकरी थापायला लागलीस. ती थापायची लय ऐकून तबलेवाल्यानं हात उचलले. क्षणभर नुसती तुझी थाप, मग त्यानं तोच ठेका धरला आणि तू गायला लागलीस, "या रं पोरांनो, भूक घेऊन या." पुढच्या रांगांत सगळे पहिल्या पाळीचे लोक. कोणी हललं नाही. मी अंधारात बोटांवर तुझ्या चुका मोजत होते. सतरा झाल्या, मग चष्म्याखालून गालावर पाणी यायला लागलं. त्याचं कारण पुढं कित्येक वर्षं मला कबूल नव्हतं.

त्या धंदेवाईक नाटकात मी शेजारीण होते. पहिल्या अंकात येऊन "वाटीभर साखर आहे का हो?" विचारायचं आणि दुसऱ्या अंकात वाटी परत करायची. साखर परत करायचा प्रसंगही पुढं कापला.

मग मी तोंड घेऊन तालमीला आले. तू भाकरीचं पीठ चाळत होतीस. वर बघून म्हणालीस, "आलात बाई? ते पुस्तक धरा बरं. दुसरं कडवं मला रोज दगा देतंय." झालं, मी प्रॉम्प्टर झाले ती आजतागायत. टोमणा म्हणून मारला नाहीस त्या दिवशी. तो साठवून ठेवलास. दोन महिन्यांनी चहा पिताना, चेहऱ्यावरची माशी हलू न देता विचारलंस, "लाँड्रीवाला आला का ओ गावाहून?"

तुला माहीत होतं का गं? मला नेहमी संशय आहे की माहीत होतं.

त्यानंतरचं काय सांगू. शेटजी करणारे बदलले, पळून गेलेला नवरा सहा वेळा बदलला, पोरं करणाऱ्यांना पोरं झाली. आप्पा गेले, त्यांच्या पेटीवर त्यांचा भाचा बसला. कंपनी मिटली, तिथं टॉवर उभे राहिले, पण लोक वर्गणी काढून वर्षातून दोन-तीन प्रयोग लावतच राहिले. मी दिघीजवळची खोली सोडून मुलाबरोबर पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर आले, तू म्हणालीस, "आता तुला वरच्यानं बोलावलं तरी जवळ पडंल." एक तू तेवढी बदलली नाहीस. ताप असो, सुनेचं बाळंतपण असो, गोदाक्का म्हणजे मालती. आणि आतला पडदा ओढायला तुझा नवरा. नाट्यगृहाच्या मुख्य पडद्याला मोटर आली, पण आपला खानावळीचा आतला पडदा दोरावरचाच, आणि तो दोर बाबूराव दाजींच्याच हातात. पाळी करून थेट यायचे आणि विंगेत उभे राहायचे.

तुला आठवतं, माझी नात रेवा अमेरिकेहून आली होती, आपण तिघी बाल्कनीत बसलो होतो? ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांचं सांगत होती. तिकडं म्हणे एकेक संगीत नाटक वर्षानुवर्षं चालतं. पहिले गाजलेले नट सोडून जातात, दुसरे येतात, तिसरे येतात. कधी लोक पाठ फिरवतात आणि नाटक बसतं, पण कधी नट गेला तरी गर्दी तशीच. तिकिटाबरोबर एक चिठ्ठी देतात, आज अमक्याच्या जागी तमका काम करील.

तू विचारलंस, "मग लोक बघाय कुणाला जात्यात?"

"नाटकाला, मालतीआजी."

"मालकिणीबिगर खानावळ?"

"चव तीच असली की झालं."

"चव हाताला असती बाळा," म्हणून तू शेंगदाणे सोलायला लागलीस, म्हणजे वाद संपला. पण तो संपला नव्हताच. गेली दोन वर्षं आपण तोच घालत होतो, फक्त ब्रॉडवेचं नाव न घेता. सोनालीच्या नावानं.

सोनाली तुझी रिलिव्हर. परभणीकडची, महाळुंग्याला कंपनीत इन्स्पेक्शनला. दिवसभर गेज लावून पार्ट तपासते, चौघींत एक खोली. पहिली पाळी सुटली की दोन शेअर रिक्षा बदलून तालमीला यायची, कोपऱ्यात बसून ओठ हलवायची. मला तो जप ओळखीचा होता. मी तुला म्हटलं, एक प्रयोग दे तिला. तू म्हणालीस, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला गुडघ्याला पट्टा बांधून तूच उभी. शेवटी फोनवर मी चढ्या आवाजात बोलले.

"तिला रिलिव्हर म्हणतेस आणि पाळी सोडत नाहीस."

"मी जित्ती असताना?"

"मग मेल्यावर चार्ज देणार आहेस का?"

त्यावर मी आणखी एक वाक्य टाकलं. "तू पण माझ्यासारखीच निघालीस."

"तुज्यासारखी म्हंजी?" तू विचारलंस.

आणि मी फोन ठेवला. रागानं नव्हे गं. उत्तर द्यायचं तर तांदळाचा डबा उघडावा लागला असता. पंधरा दिवस मी फोन केला नाही, तूही नाही. सोळाव्या दिवशी फोन आला तो दाजींचा. त्यापुढचं लिहीत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या लेखाच्या पहिल्या ओळीत घातलंय, तेवढं वाच.

तर आता ऐक, कारण हे सांगायला माझं पोट फुगलंय.

तुझं तेरावं झालं आणि सहा दिवसांवर प्रयोग, नाट्यगृह आधीच घेतलेलं. तुझ्याच अंगणात बैठक बसली. सेक्रेटरी देशमुख म्हणाले, "स्पष्टच बोलतो. हा प्रयोग रद्द केला तर पुढचा होणार नाही. मालतीबाईंच्या फोटोला हार घालू आणि खानावळ बंद करू." कोणी मान डोलावली, कोणी नाक ओढलं. दाजी भिंतीला टेकून बसलेले. त्यांना विचारायचं धाडस कोणाला होईना. शेवटी तेच म्हणाले, "आतल्या पडद्याचा दोर नवा आणाय पायजे. जुना झिजलाय."

एवढ्यावर ठरलं की प्रयोग करायचा. पण गोदाक्का कोण? आणि मालते, इथं मी पुन्हा माती खाल्ली. सगळ्यांदेखत हात वर केला आणि म्हटलं, "मी करते. मला सगळं पाठ आहे." बाहत्तराव्या वर्षी. सोनाली समोर बसलेली असताना. सगळे आदरानं गप्प झाले, म्हाताऱ्या माणसांपुढं होतात तसे. दुसऱ्या दिवशी तालीम. मी ऐटीत चुलीपुढं मांडी घालून बसले, पहिलं गाणं म्हटलं, आवाज चिरकला पण लागला. गाण्याच्या शेवटी गोदाक्का उठून ताटं वाढते. मी उठेना. तबलेवाला एका काखेत, पेटीवाला दुसऱ्या काखेत, अशी खानावळीची मालकीण उचलली गेली. पेटीवाला म्हणाला, "शकूताई, प्रत्येक प्रयोगाला आम्ही दोघांनी स्टेजवर यायचं का?" सोनाली तोंडात ओढणीचा बोळा धरून हसत होती. मी तिला म्हटलं, "हसतेस काय, ये इकडं. तुला चार्ज देते."

आणि दिला. तुला दिला नव्हता तो, व्याजासकट. हातात पाच दिवस होते. ती पाळी करून माझ्या घरी यायची. आमच्या दिवाणखान्यात सोफा सरकवून चूल मांडली, सुनेच्या टाइल्सवर पीठच पीठ, दहाव्या मजल्यावरचे लोक विचारायला आले की वर सुतारकाम चाललंय का. तू दम कुठं घ्यायचीस, पदर कधी खोचायचीस, कुठल्या वाक्याला लोक हसतात म्हणून थांबायचीस, सगळं मी विंगेतून पाहिलेलं. ते एकेक करून तिच्या अंगावर चढवलं. ती बिचारी करत गेली. फक्त एकदा अडली, त्या लांब गाण्यात. परागंदा नवऱ्याचं ताट वाढून गोदाक्का वाट बघते ते.

मी म्हटलं, "इथं 'येशील तेव्हा ये' या ओळीला मालती डावीकडं बघायची. बघ."

"कशाला, आज्जी?"

"नवरा येईल म्हणून दाराकडं बघते."

तिनं पुस्तकातला नेपथ्याचा नकाशा उघडला. इन्स्पेक्शनची पोरगी, गेज लावल्याशिवाय पार्ट पुढं ढकलत नाही. "आज्जी, दार तर उजवीकडं हाय. मग ह्या डावीकडं काहून बघायल्या?"

मी एवढी वर्षं पुस्तक धरून बसलेली बाई. मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. पण हरायचं कसं? म्हटलं, "बघायची म्हणजे बघायची. मोठ्या नटांचं असतं काहीतरी. तू बघ."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी नाट्यगृहात रंगीत तालीम होती. मी नेहमीप्रमाणे उजव्या विंगेत स्टुलावर. ते गाणं आलं. या वेळी मी पुस्तकात न बघता पोरीकडं बघत होते. ओळ आली आणि तिनं सांगितल्याप्रमाणे डावीकडं पाहिलं, अगदी तुझ्यासारखं, हनुवटी जरा वर करून. तिच्या नजरेबरोबर माझीही नजर तिकडं गेली. डाव्या विंगेत दोर धरून दाजी उभे होते.

दाजींनी तिच्याकडं पाहिलं. मग दोर खुंटीला गुंडाळला, नीट, दोन वेढे देऊन, आणि बाहेर निघून गेले.

अगं बाई. तू नवऱ्याकडं बघायचीस, आणि मी ते गोदाक्काच्या खात्यात लिहून परक्या पोरीला शिकवलं. मी पुस्तक मिटलं. सोनालीला कळलं काहीतरी चुकलंय, ती रडकुंडीला आली, "आज्जी, मी बरुबर केलं नव्हं?" मी म्हटलं, "तू बरोबर केलंस, मी चुकीचं शिकवलं. ते मालतीचं होतं, नाटकाचं नव्हतं. उद्या तुला वाटेल तिकडं बघ."

"आणि बाकीचं?"

बाकीचं! त्या प्रश्नानं माझी झोपच उडवायला हवी होती, पण झोपले मी मेल्यासारखी. सकाळी उठून फोनवर सांगितलं, "दम घ्यायच्या जागा तेवढ्या माझ्या ऐक. बाकी तुझी खानावळ."

मालते, काय गर्दी होती म्हणून सांगू. पुढच्या रांगांत आपली जुनी मंडळी, काठ्या, चष्मे, बायपासवाले, गुडघे बदललेले. मागं आमच्या सोसायटीतली पोरं, लॅपटॉपच्या पिशव्या खांद्याला. आणि मध्ये तीन रांगा सोनालीच्या कंपनीतल्या मुलींच्या, पाळी सुटल्या सुटल्या कंपनीच्याच टी-शर्टात आलेल्या, डबे मांडीवर. देशमुखांनी पडद्यापुढं येऊन सांगितलं, आज मालतीबाईंच्या जागी सोनाली काम करील. मागून एक म्हातारा स्पष्ट म्हणाला, "मग आमी कशाला आलो?" तो उठला नाही मात्र.

पडदा उघडला. सोनाली बसली. ज्वारीचं पीठ घेतलं, आणि मोठी, आपल्या परातीएवढी भाकरी थापायला लागली. काय तो वेग! तुझी चाल संथ, बैलगाडीची. हिची कन्व्हेयरची. तबलेवाला मागं पडला, पेटीवाल्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, आणि ती पोरगी "या रं पोरांनो" जवळजवळ दटावल्यासारखं गायली, गिळायचं तर या नाहीतर निघा अशा आवाजात. तीन रांगा टी-शर्टवाल्यांनी ठेका धरला. मला वाटलं, आता आप्पा वरून चप्पल फेकणार. पण पुढच्या रांगेतल्या काठ्यासुद्धा जमिनीवर आपटायला लागल्या, मालते. पहिल्या ठेक्याला नाही, तिसऱ्या आवर्तनाला, नाइलाज झाल्यासारख्या.

दुसऱ्या अंकात तिचं एक वाक्य गेलं. शेटजी विचारतो, "उधारी किती जणांची?" आणि ती गप्प. मी प्रॉम्प्ट करायचं, तर मी पुस्तक मांडीवर उलटं टाकून तोंड उघडं ठेवून नाटक बघत बसलेली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पानं शोधतेय तोवर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमाला जेवायचंय का मोजायचंय? मोजायचं आसल तं हात धुवू नका." नाट्यगृह फुटलं हसून. मघाचा तो म्हातारा तर खुर्चीच्या दांड्यावर हात मारत होता. आप्पांच्या संहितेत हे वाक्य नाही. मी ते पेन्सिलीनं समासात लिहून घेतलंय.

मग ते गाणं. मी खाली बघणार होते, नाही बघवलं. दाजी पलीकडच्या विंगेत नवा दोर हातात धरून. "येशील तेव्हा ये" आलं, आणि सोनालीनं डावीकडं पाहिलं नाही, दाराकडंही नाही. तिनं त्या वाढलेल्या ताटाकडं पाहिलं. एवढंच. ताटातली भाकरी झाकली आणि पुढं गायली. दम बरोबर तिथंच घेतला, तू शोधून काढला होतास तिथं, जो मी तुला सांगितला नव्हता आणि मलाही माहीत नव्हता. तू एकटीनं कोणाला न विचारता शोधलेली ती जागा. मला तुझा इतका राग आला, मालते. जायची काय घाई होती, हे बघायचं सोडून? आणि त्याच वेळी मी स्टुलावर बसल्या बसल्या पाय नाचवत होते, लहान पोरीसारखी. दोन्ही एकदम होत होतं. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही, पण विंगेत कोण बघतंय.

एक मात्र तुझ्याबाजूनं सांगते. सोनाली तुझ्याएवढी नाही. त्या गाण्याच्या शेवटी तू जी शांतता पाडायचीस, ती तिला अजून पडत नाही, लोक आधीच टाळ्या वाजवतात. आणि तू तिला एक प्रयोग द्यायला हवा होतास, हे माझं म्हणणं मी मागं घेत नाही. तू इथं असतीस तर म्हणाली असतीस, दिला असता तर ही येवढी तापली असती का? असं कर, हा वाद राहू दे. बाकीचे मिटले तरी चालतील.

पडदा पडला. टी-शर्टवाल्या पोरी स्टेजवर चढल्या, सोनालीच्या हाताचं पीठ सगळ्यांच्या कपड्यांना लागलं. देशमुख येऊन मला म्हणाले, पुढच्या महिन्यात चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये करायचं का, तिथले दोघे विचारून गेले. मी हो म्हटलं, कोणाला न विचारता.

मग मी काठी टेकत डाव्या विंगेत गेले. दाजी दोर उलगडून पुन्हा नीट गुंडाळत होते. आदल्या दिवशीबद्दल माफी मागायची होती, शब्द जुळवत उभी राहिले. त्यांनी दोर खुंटीला अडकवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता, रिकाम्या स्टेजकडं बघत बोलले:

"नाटक चांगलं हाय की ओ, ताई. मला म्हाईतच नव्हतं. इतकी वरसं मी निस्ता तिलाच बघत व्हतो."